गुणाबाईचा डावा पाय, शकुनबाईचा उजवा

कोंढा गावातल्या ढिवर मोहल्ल्यात गुणाबाईच्या घरामागे एक सपाट दगड आहे. घरात मासेमारी होती तेव्हा त्यावर मासोळ्यांची खवलं निघायची. आता दिवस कलला की दोन म्हाताऱ्या त्या दगडाशी येतात, एक दगडावर बसते आणि दुसरी समोर पाटावर.

गुणाबाईचा डावा पाय गुडघ्याखाली सुजून खांबासारखा झालेला आहे. तिची मोठी जाऊ शकुनबाई हिचा उजवा. दोघींनी जन्मभर एकाच तलावातले शिंगाडे काढले, एकाच घरात त्याच डासांना रक्त पाजलं आणि हत्तीरोगही बरोबरच घेतला. नवरे एकामागोमाग गेले. मागे या दोघी उरल्या.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या रीता सिस्टरने त्यांना काही वर्षांपूर्वी एक निळा टब, मग, साबण, टॉवेल आणि मलमाची ट्यूब आणून दिली. सूज जाणार नाही, हे तिने आधीच सांगून टाकलं. पण पाय रोज साबणाने धुतला, बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवल्या, कुठे भेग पडू दिली नाही, तर ताप चढणार नाही. तो ताप ज्याला येऊन गेला त्यालाच ठाऊक. हुडहुडी भरते, जांघेत गाठ येते, पाय लालबुंद होऊन ठणकतो आणि ताप उतरला की पाय पहिल्यापेक्षा थोडा जाडच झालेला असतो. पावसाळ्यात, सगळीकडे चिखल आणि ओल असली की हा ताप हमखास यायचा.

अडचण एकच होती. दोघींच्याही सुजलेल्या पायाचा गुडघा वाकत नव्हता. स्वतःच्या पायाच्या बोटांपर्यंत एकीचाही हात पोचेना. म्हणून पहिल्याच दिवशी त्यांनी एकमेकींचे पाय धुतले. मोठ्या जावेने धाकटीच्या पायाला हात लावावा, हे काही रीतीत बसणारं नव्हतं. गुणाबाई आपला पाय मागे ओढायची.

“ताप आला का रातभर उशाशी मीच बसतो,” शकुनबाई म्हणाली. “त्यापरीस पाय धुतलेला बरा. आण इकडे.”

तेव्हापासून तसंच चाललं. आधी मोठीचा उजवा, मग धाकटीचा डावा. कुंपणापलीकडे निवृत्त मास्तर मधुकरराव राहतात. त्यांची बायको चंद्रभागाबाई हे सगळं आपल्या अंगणातून पाहत असे. तिचं लुगडं कायम जमिनीला टेकलेलं. तिची पावलं गावात कोणी पाहिली नव्हती. तुम्ही दोघी मिळून एक धड बाई होता, असं ती एकदा म्हणाली.

“होतो नं,” शकुनबाईने पाय पुसता पुसता उत्तर दिलं. “आमचे चार पाय, त्यातले दोन चांगले. तुमचे किती हायेत, मास्तरीणबाई, थे तुमच्या लुगड्यालेच माहीत.”

चंद्रभागाबाई घरात निघून गेली.

देवानंद हा गुणाबाईचा एकुलता एक मुलगा. शकुनबाईला मूल नव्हतं. गुणाबाई तलावात उतरली की पोर शकुनबाईच्या कडेवर असायचं. एकीला तो माय म्हणायचा, दुसरीला मोठी माय, आणि भूक लागली की जी जवळ असेल तिच्याकडे जायचा. भंडाऱ्याच्या आयटीआयमधून तो वेल्डिंग शिकला, आधी आखातात गेला आणि तिथून कॅनडात एडमंटन नावाच्या शहरात पोचला. तिथे तो कायमचा झाला. त्याची बायको रीना आणि चार वर्षांची टीना तिथेच त्याच्याजवळ असतात.

मागच्या पावसाळ्यात गुणाबाईला ताप चढला. पवनीच्या दवाखान्यात ठेवावं लागलं. देवानंदला ते तिकडे फोनवर कळलं. सुट्टी मिळून, तिकीट मिळून तो येईपर्यंत ती घरी परत आली असती, म्हणून तो आलाच नाही. पण ते त्याच्या मनाला लागलं. दिवाळीनंतर त्याने फोन केला आणि म्हणाला, माय, आता बस झालं. म्हातारपण इकडेच काढ. तिकडच्या सरकारचा आईवडिलांसाठी आणि आजीआजोबांसाठी एक वेगळा व्हिसा असतो, त्यावर एका वेळी पाच पाच वर्षं राहता येतं.

पाच वर्षं हा शब्द संध्याकाळपर्यंत मोहल्लाभर झाला. नोकरीवाल्याची बदली होते तशी गुणाबाईची पाच वर्षांसाठी रवानगी होणार, असंच सगळ्यांनी धरलं. खुद्द गुणाबाईनेही.

आणि शकुनबाईही जाणार, हेही सगळ्यांनी धरूनच टाकलं. यात कोणाला विचारण्यासारखं काही वाटलं नाही. राशन कार्ड गुणाबाईच्या नावावर होतं आणि आत शकुनबाईचं नाव होतं. दवाखान्याचं कार्डही तसंच. सरकारी कागद एका बाईच्या नावावर निघतो आणि घरातली बाकीची माणसं त्यात आपोआप येतात, हा दोघींचा आयुष्यभराचा अनुभव. व्हिसा गुणाबाईच्या नावावर निघतोय म्हणजे झालंच की. मधुकररावांनी दोघींना नागपूरला नेऊन दोघींचे पासपोर्ट काढून दिले. शकुनबाईने आपला पासपोर्ट तांदळाच्या कोठीवरच्या डब्यात, गुणाबाईच्या पासपोर्टाला लावून ठेवला आणि दोन्हींचा एकत्र फोटो देवानंदला पाठवला.

त्या फोटोला देवानंदकडून नुसतं हात जोडल्याचं एक चिन्ह आलं. एरवी तो भरभरून बोलणारा मुलगा. पण गुणाबाईला त्यात काही वावगं वाटलं नाही. कामात असेल, म्हणाली.

पौषात वैद्यकीय तपासणीचं पत्र आलं. ती त्यांनी नेमून दिलेल्या डॉक्टरकडेच करावी लागते, म्हणून मधुकरराव दोघींना घेऊन रेल्वेने हैदराबादला गेले. पत्रात नाव एकच होतं, ते त्यांनी वाचलं होतं. दुसऱ्या नावाचं पत्र मागून येईल, जाणंयेणं मात्र एकदाच होऊन जाईल, असा त्यांनी हिशेब केला.

दवाखान्यात काचेमागच्या मुलीने गुणाबाईचं नाव पुकारलं. दोघी उठल्या. मुलीने शकुनबाईला बसायला सांगितलं. शकुनबाईने आपला पासपोर्ट काचेखालून आत सरकवला. मुलीने तो उघडला, संगणकात पाहिलं आणि पुन्हा बाहेर सरकवला. नाव नाही. मधुकरराव पुढे झाले, त्यांनी इंग्रजीतून विचारलं, ही देवानंदची कोण लागते ते समजावलं. मुलगी काही उद्धट नव्हती. तिने शांतपणे सांगितलं की या व्हिसात आई, वडील, आजी, आजोबा एवढीच नाती येतात. वडिलांच्या भावाची बायको येत नाही. साध्या पाहुण्याच्या व्हिसाचा अर्ज वेगळा करता येतो, पण ज्या विधवेला मागे मूलबाळ नाही, शेती नाही, ती परत जाईल यावर तिथल्या अधिकाऱ्यांचा विश्वास सहसा बसत नाही.

मधुकररावांनी हे सगळं मराठीत सांगितलं. शकुनबाईने पासपोर्ट कमरेच्या पिशवीत ठेवला आणि गुणाबाईला म्हणाली, “जाय, तुह्यं नाव पुकारलं. उभी काहून हायेस?”

आत डॉक्टरीणबाई होत्या. फोटो काढला, रक्त घेतलं, मग पायाशी आल्या. पाय इतका स्वच्छ कसा, एकही भेग नाही, याचं त्यांना नवल वाटलं. कोण धुतं, असं त्यांनी हिंदीत विचारलं. गुणाबाईने दाराकडे बोट दाखवलं. या पायामुळे व्हिसा अडणार नाही, डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मात्र एक गोष्ट मुलाला सांगा. तिथल्या सरकारी दवाखान्याचा फायदा पाहुण्यांना मिळत नाही, म्हणून वर्षभराचा खासगी विमा आधीच घ्यावा लागतो, आणि जो आजार अंगावर घेऊनच माणूस जातं त्याचा खर्च असे विमे बहुधा देत नाहीत. तुम्ही सांगता, तुमच्या गावात नर्स घरी येऊन फुकट मलम देते; तसं तिथे होणार नाही. पायाला जपा.

परतीच्या गाडीत शकुनबाईच जास्त बोलत होती. तिकडचे तलाव म्हणे बर्फाचे असतात, बर्फात शिंगाडा लागत नाही, मी कशाला येते तिकडे, जन्मभर ओल्यात काढलं ते काय कमी झालं. मधुकरराव मान खाली घालून बसले होते. गुणाबाई खिडकीबाहेर पाहत होती. तिला एकच दिसत होतं. पाच पावसाळे. पाच पावसाळे शकुनबाईचा उजवा पाय कोण मांडीवर घेणार?

घरी आल्यावर गुणाबाई जात नाही म्हणाली. शकुनबाईने दोन दिवस अबोला धरला. तिसऱ्या दिवशी म्हणाली, “पोरगं बोलावून राहिलं आन् तू माह्या पायासाठी बसून राहशीन, त मी त्याले तोंड कसं दावू? मलेच शिव्या देईन थो.”

त्यानंतर एक बदल झाला. संध्याकाळी गुणाबाई दगडाशी गेली की शकुनबाईचा पाय आधीच धुतलेला असायचा. म्हणे रीता सिस्टर येऊन गेली. म्हणे मोहल्ल्यातली एक पोरगी आली होती, तिने धुवून दिला. शकुनबाई गुणाबाईचा पाय मात्र पूर्वीसारखाच धुवायची. गुणाबाईला वाटलं, बरंच झालं, कोणीतरी मिळालं. खरं सांगायचं तर तिला हलकं वाटलं. टीनाचा आवाज फोनवर ऐकला की तिला आता जावंसंही वाटू लागलं होतं.

माघात, एका मंगळवारी, ती राशनच्या दुकानातून लवकर परतली. मागच्या बाजूला पाणी वाजत होतं म्हणून डोकावली. शकुनबाई दगडावर एकटी बसली होती. हातात शिंगाड्याच्या वेली ओढायची बांबूची लांब आकडी. तिच्या टोकाला चिंधी बांधलेली. ती आकडी पुढे करून पायाच्या बोटांमध्ये चिंधी घालायची खटपट चालली होती. चिंधी निसटत होती आणि नुसता बांबू बोटात जात होता. शकुनबाई दात आवळून पुन्हा चिंधी गुंडाळत होती, पुन्हा नेम धरत होती.

गुणाबाईने राशनची पिशवी खाली टाकली. पुढे होऊन तिने आकडी काढून घेतली, पाय मांडीवर ओढला आणि बोटं फाकवली. तिसऱ्या आणि चौथ्या बोटाच्या मध्ये बांबूने कापलं होतं. कापलेलं पांढरं पडलं होतं.

“सवय करून राहिलो होतो,” शकुनबाई म्हणाली. “तू गेल्यावर लागंन नं.”

दुसऱ्या दिवशी तिला ताप चढला. रीता सिस्टर आली, बोटं पाहून तिने विचारलं हे कशाने झालं, आणि गुणाबाईने आकडी दाखवली. रीता सिस्टर त्या दिवशी पहिल्यांदा रागावली, पण कोणावर रागवावं हे तिलाही कळलं नसावं, कारण थोड्या वेळाने तिनेच चहा मागून घेतला. गोळ्यांनी ताप आठवडाभरात उतरला. पाय थोडा जाड झाला तो झालाच.

व्हिसा मंजूर झाल्याचं कळवायला देवानंदने फोन केला, तेव्हा शकुनबाई आत पडून होती. गुणाबाई फोन घेऊन दगडावर जाऊन बसली. तिने त्याला आकडीची गोष्ट सांगितली, पहिल्यापासून.

“मलेच सांगाले पाह्यजे होतं,” तो म्हणाला. “दोन पासपोर्टचा फोटो पाहिला तवाच समजलं होतं मले. मोठी मायले नाही म्हणाची हिंमत नाही झाली. वाटलं, तिथं गेल्यावर कोणीतरी सांगंनच.”

“कोणीतरी सांगतलं,” गुणाबाई म्हणाली. “काचेमागच्या पोरीनं.”

मग तिने इतके दिवस न विचारलेला प्रश्न विचारला. “देवा, पाच वर्षं राहाच लागते का?”

“नाही माय. पाच वर्षांपर्यंत राहता येते. मधात कवाही परत जाता येते, आन् परत येता बी येते.”

“मंग हे आधी काहून नाही सांगतलं?”

तू विचारलं नाहीस, तो म्हणाला. शिवाय त्याला वाटलं होतं, एकदा आली की ती राहीलच. आता त्याने वर्षभराचा विमा भरून ठेवला होता. निदान ते वर्ष तरी काढ, अशी त्याने विनवणी केली.

“तुह्या विम्यात माहा पाय बसत नाही, हैदराबादच्या डॉक्टरीणबाई म्हणे,” गुणाबाई म्हणाली. “मंग पावसाळ्यात, पायाले जवा दवा लागते, तवा मी इकडेच पाह्यजे. आन् मोठी मायच्या पायाजवळ बी. होळी झाली का येतो मी. मृगाच्या आधी परत धाड. दरवर्षी बोलावशीन त दरवर्षी येईन.”

“आन् इकडे तुहा पाय?” त्याने विचारलं.

“थे तू सांग.”

“मी धुईन,” देवानंद म्हणाला.

उन्हाळ्यात ताप सहसा येत नाही, पण तेवढे तीन महिनेही शकुनबाईचा पाय कोणीतरी धुवायला हवाच होता. गुणाबाईने मोहल्ल्यात विचारलं. एकीच्या घरी लग्न होतं. दुसरीला भीती वाटत होती की हात लावला तर आपलाही पाय सुजेल. हात लावून काही होत नाही, डासांनी होतं, हे गुणाबाईने रीता सिस्टरच्या शब्दांत समजावलं. बाईने मान डोलावली आणि आली नाही.

होळीच्या चार दिवस आधी कुंपणाचं फाटक वाजलं. चंद्रभागाबाई आत आली. तिच्या काखेत एक निळा टब होता, हुबेहूब यांच्यासारखा. आत मग, टॉवेल, मलमाची ट्यूब. साबणाचा कागदही निघालेला नव्हता. तो टब तिच्याकडे कसा, हे दोघींनी विचारलं नाही. आरोग्य केंद्र तो कोणाला देतं, हे दोघींनाही ठाऊक होतं.

“धुण्याची रीत दाखवा मला,” चंद्रभागाबाई पाटावर बसत म्हणाली. “शकुनबाईचा पाय मी धुवीन. पण टोमणा मारायचा नाही.”

शकुनबाईने तोंड उघडलं, गुणाबाईकडे पाहिलं आणि मिटलं. मग आपला उजवा पाय पुढे केला.

एडमंटनच्या विमानतळावर काउंटरवरच्या माणसाने किती दिवस राहणार म्हणून विचारलं. देवानंदने फोनवरून दुभाष्याचं काम केलं. पाच वर्षांचा परवाना असून ही बाई तीन महिन्यांत परत का जातेय, हे त्या माणसाला नीट उमगलं नाही. पण जायला घाई असणाऱ्यांना तिथे कोणी अडवत नाही.

देवानंद रोज संध्याकाळी कामावरून आला की न्हाणीघरात टब भरायचा. वेल्डिंगचे हात ते, पहिले काही दिवस तो मायचा पाय लोखंडासारखा घासत असे. टीना टॉवेल धरून उभी राहायची. “चौथ्या बोटात ओलं राहिलं,” गुणाबाई सांगायची, आणि तो पुन्हा खाली बसायचा.

एप्रिलमध्ये, खिडकीबाहेर अजून बर्फ होता तेव्हा, देवानंदने स्वतःच्या खर्चाने तिला एका डॉक्टरला दाखवलं. वेळ मिळायला तीन आठवडे लागले. डॉक्टर तरुण होता. त्याने असा पाय पुस्तकातच पाहिलेला. त्याने बोलावलेला दुसरा एक डॉक्टरही पाहायला आला. पण दोघांनी मिळून तिला एक घट्ट विणीचा लांब मोजा मापाने बनवून दिला. सकाळी उठल्याउठल्या घालायचा, झोपताना काढायचा. महिन्याभरात पाय हाताला मऊ लागू लागला. आपल्या गावात असा मोजा कोणी दाखवला नव्हता, आणि एडमंटनमध्ये रीता सिस्टरसारखी दारात येणारी बाई नव्हती. गुणाबाईला दोन्ही गोष्टी खऱ्या वाटल्या.

एका रविवारी तिने शकुनबाईला फोन लावला. तिकडे धुण्याची वेळ झाली होती. शकुनबाईची तक्रार पहिल्या दिवसापासूनची तीच होती. मास्तरीणबाई पाय धुतात की भांडं घासतात, काही समजत नाही. साल निघाली पायाची. तू कवा येतं?

गुणाबाईने मोज्याचं सांगितलं. येताना तुझ्यासाठीही आणते, म्हणाली. माप पाहिजे. घोट्याचं, पोटरीचं, गुडघ्याखालचं, आणि टाचेपासूनची लांबी. सुतळीने मोजून मास्तरांच्या पट्टीवर धरा.

चंद्रभागाबाईने शकुनबाईचा पाय मोजला आणि एकेक आकडा मोठ्याने सांगितला. इकडे रीनाने लिहून घेतला. मग फोनवर काही वेळ नुसती लुगड्याची सळसळ आणि पाटाचा आवाज ऐकू आला.

“आखीन एक माप लिवाले सांग सूनबाईले,” शकुनबाईचा आवाज आला. नेहमीपेक्षा हळू होता. “डावा पाय हाये. नाव नोको लिहू.”